होस्टेलमधल्या दृष्टिहीन आणि बहिऱ्या सोबत्यांसाठी: सुरुवात मेसपासून

जळगाव-धुळ्याकडच्या होस्टेलात जागृतीचं भाषण ठेवू नका, मेसमधूनच सुरुवात करा. जोडीने बसा, एकाच्या डोळ्यांवर पट्टी. ताट घड्याळासारखं सांगा: 'भरीत 3 वर, कळण्याची भाकरी 6 वर, शेवभाजीची वाटी 12 वर, गरम आहे.' नुसतं 'इकडे, तिकडे' म्हटलं की बोटं थेट रश्श्यात जातात. पट्टी 15 मिनिटंच. नंतर दृष्टिहीन विद्यार्थ्यांनाच बोलू द्या, नाहीतर मागे फक्त कीव उरते, आणि ती कुणालाच नको असते. चालताना त्यांना ओढू नका. आपलं कोपर धरू द्या, अर्धं पाऊल पुढे राहा. बहिऱ्या सोबत्याशी समोरून बोला. ओरडलं की ओठांचा आकार बिघडतो, वाचता येत नाही. लाइट गेली तर टॉर्च आपल्याच चेहऱ्यावर धरा. जिन्यात बादल्या, चपला नकोतच.