टेरियस बुरशीवर प्रोजेक्ट घेताय? आधी हे वाचा

एमएस्सी मायक्रोच्या ज्युनिअर्सचा दरवर्षी ठरलेला प्रश्न, फंगसवर प्रोजेक्ट घेऊ का, सोपं असतं ना? वाढवणं सोपंच आहे हो, पुण्यात जुलैमधे कपाटातल्या चपलांवर पण वाढते! खरी कसोटी ती जे केमिकल बनवते ते हातात येईपर्यंत लागते.

मी अ‍ॅस्परजिलस टेरियस घेतली होती आणि परत घ्यायची वेळ आली तरी तीच घेईन. पीडीए प्लेटवर (बुरशी वाढवायचं बटाट्याचं आगर) दालचिनीच्या पुडीसारखा रंग येतो, लवकर ओळखू येते. एकाच बुरशीतून लोव्हास्टॅटिन (1987 ला अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, ते कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवतं), रेझिनवाल्यांना लागणारं इटॅकॉनिक अ‍ॅसिड, शिवाय टेरीन नावाचं संयुग, जे 1935 पासून माहितीये. सगळं एकदम मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका, इटॅकॉनिकला भरपूर साखर आणि कमी पीएच लागतो, त्यामुळे आधी काय हवंय ते ठरवा.

मातीतून आयसोलेट करायच्या भानगडीत पडू नका, निम्मं सेमिस्टर ओळख पटवण्यातच जातं. आघारकर संस्थेत फंगल कल्चर कलेक्शन आहे, पाषाण रोडला एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हे सूक्ष्मजीवांचं कलेक्शन आहे, ओळख पटलेला स्ट्रेन घ्या आणि कागदपत्रांचं गाइडच्या कानावर लवकर घाला.

आता मेन गोष्ट. ब्रॉथमधे (बुरशी वाढवलेल्या द्रवात) लोव्हास्टॅटिन बहुतेक अ‍ॅसिड फॉर्ममधे असतं आणि आपण तुलनेसाठी आणलेलं शुद्ध स्टँडर्ड असतं लॅक्टोन (त्याचंच बंद कड्याचं रूप), मग एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) 238 नॅनोमीटरला पीक (आलेखातला उंचवटा) भलत्याच जागी दिसतो आणि पोरं म्हणतात काही बनलंच नाही. थोडं स्टँडर्ड अल्कलीत हायड्रोलाइज करून तेही चालवा. आणि माल ओढून घ्यायला इथिल अ‍ॅसिटेट घालायच्या आधी पीएच 3 च्या आसपास आणा, नाहीतर माल पाण्यातच राहतो आणि तुम्ही रोटाव्हॅपवर नुसतं सॉल्व्हंट उडवत बसता.

स्पोर्सना (बुरशीच्या बीजाणूंना) हलक्यात घेऊ नका. आडव्या लॅमिनारची (स्वच्छ हवेच्या कपाटाची) हवा सरळ आपल्या तोंडावर येते, त्यामुळे प्लेट बायोसेफ्टी कॅबिनेटमधेच उघडा, दमा असेल तर दुसरा विषय बघा. या बुरशीचं इन्फेक्शन झालंच तर अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध बऱ्याचदा चालत नाही.

नोकरीचं म्हणाल तर पिंपरीत 1955 पासून अँटिबायोटिक्स बनवणारं हे शहर, फर्मेंटेशनवाले भेटतातच. पण मला इंटरव्ह्यूत बुरशीबद्दल फार कोणी विचारलं नाही, सगळा वेळ लॅक्टोनचा एक आणि त्याच्या दुसऱ्या फॉर्मचा एक असे दोन पीक का आले यावरच गेला.