व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या ड्राइव्हवर कसं हलवावं आणि तिथूनच कसं चालवावं

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की आपण आधी डाउनलोड्स झाडतो, मग रिसायकल बिन रिकामं करतो. तरी जागा होत नाही. शेवटी कुठेतरी आत दडलेली साठ-सत्तर जीबीची एकच फाइल सापडते आणि आठवतं, मागे हौसेने लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक, बनवलं होतं. ते पुसायचं नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचं. काम अवघड नाही, फक्त ते नुसत्या कट-पेस्टने करायचं नाही. मी एकदा केलं होतं. काय झालं ते सांगतो, कारण मशीनची रचना त्यातूनच नीट कळते.

मशीन म्हणजे एक फाइल नव्हे

व्हर्च्युअलबॉक्स हा अशी मशीनं चालवणारा एक प्रोग्रॅम. त्याचं मशीन म्हणजे एक फोल्डर असतो. त्यात सेटिंग्जची छोटी फाइल, डिस्कची मोठी फाइल, लॉग आणि स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या अवस्थेची नोंद) घेतले असतील तर त्यांचा वेगळा फोल्डर. डिस्क कुठे आहे हे सेटिंग्जच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि सेटिंग्जची फाइल कुठे आहे हे व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच्या यादीत ठेवतो. एक दुवा तुटला तरी मशीन सुरू होत नाही.

मी फक्त डिस्कची मोठी फाइल उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर नेली आणि मागे उरलेला फोल्डर कचरा समजून पुसला. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क तिथेच गोठते आणि पुढचं सगळं लिखाण स्नॅपशॉटच्या फोल्डरातल्या वेगळ्या फाइलमध्ये जातं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नवीन मशीन करून ती डिस्क जोडली, सुरूही झाली. पण पहिला स्नॅपशॉट घेतला त्या दिवशी जशी होती तशी. त्यानंतरचं तीन महिन्यांचं काम मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

कोणता ड्राइव्ह घ्यावा

लोक इथे किती टीबी आहे ते बघतात. ड्राइव्हवर इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे तो किती पटकन वाचतो-लिहितो, हे आधी बघायला हवं. ऑपरेटिंग सिस्टम सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कमध्ये हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. हेड सरकायला लागणारा वेळ वेगळाच. प्रत्येक तुकड्याला एवढा उशीर झाला तर गेस्ट (मशीनच्या आतली सिस्टम) रांगतच सुरू होणार, मग तुमचा प्रोसेसर कितीही दणकट असो.

म्हणून रोज वापरायचं मशीन एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या ड्राइव्हवर, ठेवा. साटा या जुन्या जोडणीचा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो, एनव्हीएमई या नव्या जोडणीचा त्याच्या कितीतरी पुढे. पण खरी उडी हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर आल्यावर जाणवते. साटाकडून एनव्हीएमईकडे गेल्यावर रोजच्या कामात तितका फरक दिसत नाही. हार्ड डिस्क बंद करून ठेवलेली मशीनं साठवायला उत्तम. एखादा खिडक्या-चित्रांशिवायचा छोटा सर्व्हरही तिच्यावर चालून जातो. फक्त ‘एसएमआर’ पद्धतीची हार्ड डिस्क टाळा. तिच्यात माहितीचे पट्टे एकमेकांवर कौलांसारखे चढलेले असतात, त्यामुळे एक तुकडा बदलायचा तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात.

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह असेल तर पोर्ट तपासा. यूएसबी २.० सेकंदाला ४८० मेगाबिटवर अडतो, ३.० मध्ये ५ गिगाबिट मिळतात. निळं तोंड दिसलं की बहुधा ३.० असतो, पण त्यावर पैज लावू नका. पेनड्राइव्हवर मशीन चालवायचा विचार सोडा. बारीक लिखाण त्याला झेपत नाही.

आणि एकाच डिस्कचे दोन भाग करून डी ड्राइव्ह बनवला असेल, तर तिथे जागा मिळेल, वेग नाही. होस्ट (तुमचा खरा संगणक) आणि गेस्ट त्याच डिस्कवर भांडत राहतील.

फॉरमॅट आणि ड्राइव्हचं अक्षर

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे तो बाद. एक्सफॅटला ती अडचण नाही, पण त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं. लिहिताना केबल निसटली तर सावरणं कठीण. विंडोजवर एनटीएफएस, लिनक्सवर ईएक्सटी४, मॅकवर एपीएफएस घ्या. लिनक्सवर बीटीआरएफएस वापरत असाल तर मशीनच्या फोल्डरपुरतं कॉपी-ऑन-राइट (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिणं) बंद करा, आणि तेही फाइल आणण्याआधी, कारण तो बदल नव्याने तयार होणाऱ्या फाइलनाच लागतो.

विंडोजवर बाहेरच्या ड्राइव्हचं अक्षर बदलू शकतं. आज ई, उद्या एफ, आणि मशीन हरवलं. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, ड्राइव्हवर राइट-क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडा आणि शेवटाकडचं एखादं अक्षर द्या. मी व्ही देतो, लक्षातही राहतं. लिनक्सवर हेच काम एफएसटॅब फाइलमध्ये (कोणता ड्राइव्ह कुठे जोडायचा याची यादी) ड्राइव्हचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून होतं. सोबत ‘नोफेल’ हा पर्याय टाका, म्हणजे ड्राइव्ह जोडलेला नसला तरी संगणक सुरू होताना अडकणार नाही.

आता हलवायचं

पहिली पायरी: गेस्टच्या आत शिरून तो नीट शट डाउन करा. ‘सेव्ह स्टेट’ किंवा ‘सस्पेंड’ पुरेसं नाही. पॉवर-ऑफ अवस्थेतलं मशीन हलवायला सर्वांत सुरक्षित.

दुसरी पायरी: अख्ख्या फोल्डरची एक प्रत तिसऱ्याच ठिकाणी ठेवा. वर सांगितलेल्या तीन महिन्यांमुळे हे सांगतोय. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच ड्राइव्हवर असतो आणि ड्राइव्हबरोबरच जातो.

पुढची पायरी तुम्ही मशीन चालवायला कोणता प्रोग्रॅम वापरता त्यावर.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या नावावर राइट-क्लिक करून ‘मूव्ह’ निवडा आणि नव्या ड्राइव्हवरचा फोल्डर दाखवा. संपल्यावर सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’ पानावर जाऊन डिस्कवर क्लिक करा. तिथे तिचा पत्ता दिसतो. तो नवा आहे ना, बघून घ्या. तिथेच ‘सॉलिड-स्टेट ड्राइव्ह’ची चौकट आहे. नवा ड्राइव्ह एसएसडी असेल तर तिच्यात टिक करा, म्हणजे आपली डिस्क फिरणारी नाही हे गेस्टला कळेल.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये फोल्डर स्वतःच हलवावा लागतो. आधी मशीन यादीतून ‘रिमूव्ह’ करा. ‘डिलीट फ्रॉम डिस्क’ हा वेगळा पर्याय आहे आणि तो खरोखर पुसतो, तेव्हा क्लिक करण्याआधी दोनदा वाचा. मग पूर्ण फोल्डर नव्या जागी कॉपी करा आणि तिथली व्हीएमएक्स फाइल (मशीनच्या सेटिंग्जची) उघडा. मशीन सुरू करताना विचारलं जाईल, हलवलं की कॉपी केलं? ‘आय मूव्हड इट’ म्हणा. ‘कॉपीड’ म्हटलं तर मशीनला नवी ओळख आणि नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) मिळतो. मग गेस्टमधलं नेटवर्क किंवा एखादा परवाना रुसू शकतो.

हायपर-व्हीचं काम सर्वांत सुखाचं. मशीनवर राइट-क्लिक, ‘मूव्ह’, त्यात फक्त स्टोरेज हलवायचा पर्याय, आणि सगळं एकाच जागी ठेवायचं असं सांगा. मशीन चालू असतानाही हे होतं.

लिनक्सवर व्हर्ट-मॅनेजर वापरणाऱ्यांच्या डिस्क सहसा व्हार-लिब-लिबव्हर्ट-इमेजेस या जागी असतात. नव्या ड्राइव्हवरच्या फोल्डरचा आधी ‘स्टोरेज पूल’ (डिस्क ठेवायची नोंदवलेली जागा) बनवा, डिस्क तिथे न्या, मग मशीनच्या तपशिलात नवा पत्ता द्या. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर फाइलच्या परवानग्यांबरोबर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर या लिनक्सच्या सुरक्षा यंत्रणांवरही संशय घ्या.

यानंतर प्रत्येक प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट फोल्डरही नव्या ड्राइव्हवर करून टाका. हा बदल पुढच्या मशीनपुरताच असतो, जुन्यांना तो हात लावत नाही. अनेक जण एवढंच करून जागा मोकळी व्हायची वाट बघत बसतात.

चालवताना

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हना ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागतं, म्हणजे लिखाण साठवून न ठेवता लगेच उतरवलं जातं. सुरक्षित, पण मशीनसाठी संथ. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडता येतं. मात्र मग ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही.

पॉवर सेटिंग्जमधली यूएसबी सस्पेंडची सोयही बंद करा. मशीन चालू असताना ड्राइव्ह झोपला तर गेस्टच्या दृष्टीने ती डिस्क मेलेलीच. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर ‘ऑटो अनलॉक’ चालू ठेवा. अँटिव्हायरस त्या भल्यामोठ्या फाइल सतत चाचपत असेल तर मशीनचा फोल्डर वगळायला सांगता येतो. गेस्टच्या आत मात्र त्याचं स्वतःचं संरक्षण हवं.

गेस्ट अजूनही रखडत असेल तर रॅमकडे बघा. रॅम कमी पडून होस्ट स्वॅप करत (रॅममधलं डिस्कवर उतरवत) असेल तर मशीन कुठल्याही ड्राइव्हवर न्या, फरक पडणार नाही.

मोकळ्या जागेवरही लक्ष असू द्या. वाढत जाणाऱ्या प्रकारची डिस्क बनवली असेल तर गेस्टला आत ५० जीबी मोकळे दिसतात, पण खालच्या ड्राइव्हवर ते असतीलच असं नाही. होस्टचा ड्राइव्ह भरला की व्हर्च्युअलबॉक्स मशीन मध्येच थांबवून ठेवतो. जागा करून दिली की ते पुढे चालू करता येतं, घाबरून पॉवर-ऑफ करू नका. आणि हलवण्याआधी ठेवलेली ती प्रत आठवडाभर तरी पुसू नका. तेवढ्या दिवसांत मशीन दोन-चारदा बंद-चालू करा आणि एखादा जुना स्नॅपशॉट उघडून बघा.