स्ट्रेस टेस्टला जाण्याआधी बीपीची तयारी

हृदयाची स्ट्रेस इमेजिंग (व्यायामाने किंवा औषधाने हृदयावर ताण देऊन घेतलेली चित्रं) ठरली असेल आणि बीपीचा त्रास असेल, तर तारीख पक्की होताच डॉक्टरांना विचारा: माझ्या गोळ्यांपैकी कुठली घ्यायची, कुठली थांबवायची? मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाहीत. ट्रेडमिलवर ठोके साधारण २२० वजा वय या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत न्यायचे असतात. तिथवर पोचलेच नाहीत, तर रक्तवाहिनीत अडथळा असूनही तो नजरेतून सुटू शकतो. म्हणून ही गोळी बऱ्याचदा २४ ते ४८ तास आधी बंद ठेवायला सांगतात. मात्र आजाराचं निदान झालेलं असेल आणि औषधं कितपत काम करताहेत हेच पाहायचं असेल, तर ती चालूही ठेवतात.

मनाने मात्र काही बंद करू नका, ही कळकळीची विनंती. बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिन (हेही बीपीचंच औषध) एकदम सोडलं तर बीपी उसळू शकतं. बसल्या जागी वरचं २०० किंवा खालचं ११० च्या पुढे असेल, तर चाचणी सहसा पुढे ढकलतात.

जुना ईसीजी आणि इको सोबत न्याच. वर्षानुवर्षांच्या बीपीने डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि ईसीजीत आधीच बदल दिसतात. नुसत्या ट्रेडमिलच्या आलेखावरून मग ब्लॉकेजची खोटी शंका येते. स्ट्रेस इकोतही (व्यायामाच्या ताणात केलेली हृदयाची सोनोग्राफी) व्यायामात बीपी फार चढलं की एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना कप्पा दमतो, आणि मोठ्या वाहिन्या मोकळ्या असूनही भिंतीची हालचाल मंद दिसू शकते. अहवाल वाचणाऱ्याला बीपीचा इतिहास ठाऊक असणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं आहे.

व्यायामाऐवजी रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध देऊन थॅलियमसारखा स्कॅन (हृदयाला रक्त कुठे कमी पोचतं ते दाखवणारा) होणार असेल, तर चहा, कॉफी, चॉकलेट, कोला किमान १२ तास, काही ठिकाणी २४ तास बंद. कॅफिनमुळे त्या औषधाचा परिणाम दबतो. दम्यासाठी थिओफिलिन घेत असाल तर तेही आधी सांगा. उपाशी किती वेळ राहायचं ते केंद्रावर विचारा. सैल कपडे, चालायचे बूट.

आधीच्या आठवड्यातलं घरचं बीपी कागदावर लिहून न्या. अहवाल हातात आला की व्यायामाच्या शिखरावरचं बीपी त्यात नोंदलंय का बघा. नसेल तर विचारून लिहून घ्या.