ख्रिस्ती श्रद्धा आणि व्यायाम : सोलापुरात नेहमी होणाऱ्या या चुका टाळा

पहाटे पार्क मैदानावर फेऱ्या मारणारे, कंबर तलावाकडे चालायला जाणारे आणि संध्याकाळी होटगी रस्ता किंवा विजापूर रस्ता परिसरातील जिममध्ये घाम गाळणारे यांच्यांत आता ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) तरुण आणि प्रौढ दोन्ही दिसू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. अडचण व्यायामाची नाही. श्रद्धेचा व्यायामाशी संबंध जोडताना काही ठरावीक ठिकाणी पाय घसरतो. कोणी वचनाचा उपयोग शरीर कमावण्याच्या हौसेला मोठेपणा देण्यासाठी करतो, तर कोणी त्याच पवित्र शास्त्राचा आधार घेऊन शरीराची हेळसांड करतो. या दोघांचा घोळ एकाच ठिकाणी आहे. आपले शरीर कोणाचे आहे, हा प्रश्न दोघांनीही सोडून दिलेला असतो.

वचनाचा संदर्भ सोडून वापर

शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे वचन जिमच्या भिंतीवर आणि मोबाइलच्या स्टेटसवर सर्वाधिक दिसते. प्रेषित पौलाने ते करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात लिहिले, तेव्हा त्याच्यासमोर विषय होता तो व्यभिचाराचा. दंडाचा घेर त्याच्या मनात नव्हता. त्याच वाक्यात तो पुढे म्हणतो की, तुम्ही स्वतःचे मालक नाही, कारण तुम्हांला मोल देऊन विकत घेतले आहे. स्टेटसवर नेमका हाच भाग गाळलेला असतो. तो ध्यानात घेतला की दोन गोष्टी एकदम स्पष्ट होतात. दुसऱ्याची वस्तू निष्काळजीपणे खराब करता येत नाही आणि तिचे प्रदर्शन मांडून स्वतःची वाहवा करून घेणेही शोभत नाही. ज्यांना हे वचन भिंतीवर लावायचे असेल त्यांनी बारावे ते विसावे ही वचने एकदा सलग वाचावीत आणि मग ठरवावे.

असेच फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील वचनाचे होते. जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे, हे वाक्य छापलेला टी-शर्ट घालून एखादा मुलगा बेंच प्रेसवर आडवा होतो, दोन्ही बाजूंना नेहमीपेक्षा दहा-दहा किलोची प्लेट जास्त चढवतो, आणि शेजारच्याने विचारले तरी सपोर्ट नको म्हणतो. बार छातीवर अडकला की मग चार जण धावतात. पौलाने ते वाक्य तुरुंगातून लिहिले आहे आणि त्याच्या आधीच्या दोन वचनांत तो उपाशी राहणे आणि पोटभर जेवणे, टंचाई आणि विपुलता, या सर्वांत समाधानी राहायला शिकलो असे सांगतो. त्या वचनाला व्यायामशाळेत जागा द्यायची झाल्यास ती विक्रमाच्या दिवशी देण्यापेक्षा, खांदा दुखावल्यामुळे दोन महिने हलक्या वजनावर यावे लागते आणि बरोबरीचे मित्र पुढे निघून जातात, त्या दिवसांत द्यावी. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर सेट तेथेच थांबवावा, आणि वजन वाढवायचे ते थोडे थोडे, सपोर्टला माणूस उभा करून वाढवावे.

शारीरिक कसरतीचा उपयोग थोडाच, म्हणून बसून राहणे

आता दुसरे टोक पाहू. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात शारीरिक कसरत थोडक्यात उपयोगी आहे, सुभक्ती मात्र सर्व बाबतींत उपयोगी आहे, असे म्हटले आहे. वडीलधारी मंडळी हे वचन ज्या तत्परतेने सांगतात त्या तत्परतेने जिना चढत नाहीत. थोडी उपयोगी म्हणजे निरुपयोगी नव्हे. शिवाय हे लिहिणारा पौल आशिया मायनर आणि ग्रीसच्या रस्त्यांवरून पायी हिंडलेला माणूस होता. करिंथ येथे तो दीड वर्ष राहिला. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत, आणि विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळे. नाशवंत मुकुटासाठी धावपटू सर्व बाबतींत संयम पाळतात, मग आपण किती पाळावा, असे तो करिंथकरांना विचारतो, ते या मैदानांच्या ओळखीतूनच. त्याने खेळाडूंची टिंगल केलेली नाही, त्यांची शिस्त त्याने दाखला म्हणून घेतली आहे.

आपल्याकडे रविवारच्या उपासनेनंतर दुपारी भात आणि मटणाचा रस्सा, त्यानंतर झोप, आणि संध्याकाळी कोणाकडे तरी प्रार्थनेला गेल्यावर पुन्हा चहा-फरसाण, हा क्रम घरोघरी ठरलेला आहे. त्यात पाप काही नाही. परंतु आठवड्याचे उरलेले सहा दिवसही खुर्चीत जात असतील, तर साखर आणि रक्तदाब वाढल्याबद्दल देवाला प्रश्न विचारण्यापूर्वी हा हिशेब तपासावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असे आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे आणि दोनदा उठाबशा, जोर किंवा वजने. घरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी आहेच. ज्वारीची भाकरी सोडून महागडे ओट्स आणण्याचे काहीच कारण नाही, फक्त चटणीवर ओतले जाणारे तेल आणि ताटातले वरचे मीठ यांच्याकडे लक्ष असावे.

सेवेच्या कामात स्वतःला झिजवणाऱ्यांनी जुन्या करारातील संदेष्टा एलीया याचा प्रसंग वाचावा. तो थकून झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला दिले. होरेब डोंगरावरचा संवाद त्यानंतरचा आहे.

उन्हाळा, उपवास आणि साखर

ही चूक सर्वांत धोक्याची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंतचा काळ, रविवार वगळून चाळीस दिवसांचा, म्हणजेच उपवासकाळ (लेंट), हा नेमका सोलापूरच्या तापण्याच्या दिवसांत येतो. २०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्चला आणि पुनरुत्थानाचा रविवार २० एप्रिलला होता. एप्रिलमध्ये येथे पारा चाळिशी ओलांडतो हे सांगायला नको. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) दुपारी बारा ते तीन या वेळात येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर मनन होते. मंदिर (चर्च) भरलेले असते, पंखे गरम हवा फिरवत असतात, आणि सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेली काही माणसे पुढच्या बाकांवर बसलेली असतात. त्यांच्यापैकी काहींनी सकाळची मधुमेहाची गोळी मात्र नियमाने घेतलेली असते.

येथेच घात होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण न केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हाताला थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड आणि गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे आहेत. चौथ्या उद्गारापाशी एखाद्या आजीची मान कलू लागली तर ती मननात गढली आहे असे समजून शेजारच्यांनी गप्प बसू नये. ग्लुकोमीटरवर आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मीटर जवळ नसून लक्षणे स्पष्ट असतील, आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काही तरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, १०८ला फोन करावा. वेदीपुढे उपास मोडला म्हणून लाजण्याचे कारण नाही.

त्याआधीच करण्याचे काम असे की, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असलेल्यांनी उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी, किंवा अन्नाऐवजी दुसऱ्या गोष्टीचा त्याग करावा. कॅथलिक नियमातही उपवासाचे बंधन राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी, अठरा ते एकोणसाठ या वयाच्या लोकांना आहे, तोही दिवसात एक पूर्ण जेवण धरून, आणि आजारी माणसाला त्यातून सूट आहे. निर्जळी उपास कोणी मागितलेला नाही. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास सांगितला आहे तो भुकेल्यास आपली भाकर वाटून देण्याचा.

व्यायाम करणाऱ्यांची चूक याहून वेगळी आहे. वजन उतरवण्यासाठी उपवासकाळ ही आयती संधी मानली जाते आणि चाळीस दिवसांत किती किलो गेले याचे फोटो टाकले जातात. वजन कमी करण्यात गैर काही नाही, परंतु त्याला उपास म्हणू नये, आहारनियंत्रण म्हणावे. उपास करणाऱ्याने डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे आणि लोकांना कळू देऊ नये, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. फोटो त्यात बसत नाहीत. खरोखर उपास असलेल्या दिवशी धावणे किंवा जड वजने टाळून हलके चालावे, तेही सकाळी सातच्या आत. सायंकाळी सहा वाजताही येथील डांबरी रस्ता गरम वाफ सोडत असतो, त्यामुळे सूर्य कलला म्हणजे धोका टळला असे नाही.

प्रार्थनेनंतर गोळ्या बंद करणे

आरोग्याच्या प्रार्थनासभेत बरे वाटले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या कचऱ्यात टाकणारे लोक आहेत. प्रार्थना ऐकली गेली असेल तर ते पुढच्या तपासणीत दिसेलच आणि गोळी डॉक्टरच कमी करतील. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस सुचवला. ज्या मिरजेला सोलापूरकर पिढ्यान्‌पिढ्या उपचारासाठी जात आले तेथील वॉनलेस रुग्णालय श्रद्धेतूनच उभे राहिले आहे. अधिक बोलण्याची गरज वाटत नाही.

तालमीत आणि जिममध्ये वागणे

आपल्या शहरातील जुन्या तालमींत मारुतीची मूर्ती असते आणि आरती झाल्याशिवाय जोर-बैठका सुरू होत नाहीत. ख्रिस्ती घरातील मुलगा येथे दोनपैकी एक चूक करतो. तो एक तर आपली ओळख लपवून सर्व काही करतो आणि घरी सांगत नाही, किंवा पहिल्याच दिवशी वाद घालून बाहेर पडतो. दोन्हींची गरज नाही. पहिल्या दिवशी वस्तादांना बाजूला भेटून सांगावे, ‘वस्ताद, आम्ही ख्रिस्ती आहोत. आरतीला मी हात जोडणार नाही, पण मागे गप उभा राहीन. हौदा उकरायचं काम मला द्या.’ हळद, ताक आणि तेल घातलेली माती रोज उकरणे हे कष्टाचे काम आहे आणि ते करणाऱ्या मुलाला तालमीत मान मिळतो. नमते घ्यायचे कोठे आणि ठाम राहायचे कोठे, हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत पौलाने तपशिलाने हाताळले आहे. योगासनांविषयी मंडळ्यांत एकमत नाही. माझे मत असे की, पाठीचा कणा सरळ करण्याला धर्म नसतो, मंत्र आणि नमस्कार मात्र असतो, तेव्हा ज्याच्या विवेकाला जेथे टोचते तेथे त्याने थांबावे, आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दुसऱ्याचा न्याय करू नये.

व्यायाम म्हणजे ख्रिस्ती माणसाला परके काही, असेही समजू नये. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉल आणि विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये व्हॉलीबॉल हे खेळ वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या कामातूनच घडवले. आपल्या शाळांच्या मैदानांवर जाळी बांधताना ते कोणाच्या लक्षात नसते एवढेच.

जिममध्ये ओळख दिसते ती क्रुसाच्या लॉकेटपेक्षा लहान गोष्टींत. वापरलेल्या प्लेट्स परत जागेवर ठेवणे, बाकावरचा घाम पुसणे, फी थकवून पुढाऱ्याची ओळख न सांगणे, एखादी बाई व्यायाम करत असताना आरशातून न पाहणे. कोणी स्नायूंसाठी इंजेक्शन देऊ केले तर ते घ्यायचे नाही. यकृत आणि हृदय यांचा प्रश्न आहेच, शिवाय ते घेऊन ‘फक्त अंडी आणि मेहनत’ असे सांगत फिरणे हे सरळ खोटे आहे.

रविवारची शर्यत

धावण्याच्या स्पर्धा बहुतेक रविवारी सकाळी असतात आणि उपासनाही तेव्हाच. स्कॉटिश ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल यांनी १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी होणाऱ्या १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत धावण्यास नकार दिला आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकले, हा दाखला सर्वांना पाठ आहे. परंतु त्यांना वेळापत्रक काही महिने आधी माहीत होते आणि त्यांनी तो काळ ४०० मीटरची तयारी करण्यात घालवला, हा भाग सांगितला जात नाही. आपल्याकडे नाव नोंदवून, पैसे भरून, शनिवारी रात्री पाळकांना फोन होतो.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावे. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, हे येशूचे म्हणणे आहे, त्यामुळे वर्षातून एखादी शर्यत धावून संध्याकाळच्या उपासनेला बसणाऱ्याला कोणी दोषी धरू नये. मात्र दर रविवारी लांब पल्ल्याची धाव ठेवल्यास मंडळी सुटते, आणि ती सुटल्याचे सहा महिन्यांनी कळते. लांब धाव शनिवारी पहाटे घ्यावी. शनिवारी कामावर जावे लागणाऱ्यांनी ती गुरुवारी किंवा आपल्या सुटीच्या दिवशी घ्यावी, आणि रविवारी घर जवळ असल्यास गाडी न काढता मुलांसह मंदिरापर्यंत चालत जावे.