ओटावातल्या इनुइटांसाठी क्षयरोग तपासणीचा दिवस कसा आखावा

२०२१ च्या जनगणनेत कॅनडात सुमारे ७०,५०० इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधले मूळ रहिवासी, मोजले गेले. त्यांतले जवळजवळ तिसरा हिस्सा लोक इनुइट नुनांगाट या आपल्या उत्तरेकडच्या भूमीबाहेर राहतात आणि ते ज्या शहरांत राहतात त्यांत ओटावाचं नाव आधी येतं. कोणी शिकायला येतं, कोणी नोकरीला. आर्क्टिकमधल्या बॅफिन भागातल्या रुग्णांना तर मोठ्या उपचारांसाठी इथेच विमानाने आणतात. उत्तरेत घरं अपुरी, एकेका घरात माणसं दाटीने राहतात, त्यामुळे क्षयरोग तिथे अजून टिकून आहे. माणसांची ये-जा सतत चालू असल्याने शहरातही तपासणी लागते. कॅनडात परिचारिका किंवा आरोग्यसेवक म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींना असा दिवस आखायची वेळ येऊ शकते.

सगळ्यात आधी एक घोटाळा टाळा. ‘आदिवासींसाठीचा कार्यक्रम’ म्हणून सगळ्यांना एकाच छत्रीखाली घेऊ नका. गवताचा धूर घेणं, स्वेट लॉज, मेडिसिन व्हील, पाऊवाऊ या गोष्टी फर्स्ट नेशन्स या कॅनडातल्या वेगळ्या आदिवासी समूहांकडच्या आहेत, इनुइटांच्या नाहीत. पत्रकावर गरुडाचं पीस छापलं की इनुइट माणूस ‘हे आपल्यासाठी नाही’ असं समजून पुढे निघून जातो. एका माणसाला ‘इनुक’ म्हणावं, अनेकांना ‘इनुइट’. ‘एस्किमो’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट इतिहासाची, आणि ती तपासणीच्या खोलीत तुमच्यासोबत बसलेली असते. १९५० ते १९६९ या काळात ‘सी. डी. हाऊ’ हे जहाज पूर्व आर्क्टिकमधल्या वस्त्यांवर फिरत असे. जहाजावरच एक्स-रे काढत आणि डाग दिसला की बऱ्याचदा माणसाला निरोप घ्यायलाही किनाऱ्यावर जाऊ न देता दक्षिणेला नेत. १९५६ च्या सुमारास साधारण सातांतला एक इनुक दक्षिणेतल्या इस्पितळांत होता. अनेकजण परतले नाहीत, त्यांच्या कबरी कुठे आहेत हे घरच्यांना कळलं नाही. सरकारने याची माफी मागितली ती ८ मार्च २०१९ ला. म्हणून दारातच एक्स-रेची गाडी उभी करू नका. सुई टोचण्याआधी सांगा: चाचणी सकारात्मक आली तरी तो बहुतेक वेळा सुप्त संसर्ग असतो, त्यात इस्पितळात राहावं लागत नाही, घर सोडावं लागत नाही आणि आजार दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य ज्येष्ठ इनुइट व्यक्तीच्या तोंडून आलं तर फार फरक पडतो.

तयारी तीन महिने आधी सुरू करा. १९८७ पासून काम करणारी टुंगासुव्विंगाट इनुइट, मुलं आणि कुटुंबांसाठीची इनूकातिगीत आणि आकाउसिविक ही आरोग्यसेवा, या ओटावातल्या इनुइटांच्या स्वतःच्या संस्था आहेत. तयार आराखडा घेऊन ‘मान्यता’ मागायला जाऊ नका. तारीख, जागा, जेवण त्यांनाच ठरवू द्या. ज्येष्ठांचं मानधन त्याच दिवशी रोख द्या. महिन्याने येणारा धनादेश अपमानासारखा लागतो. टॅक्सी आणि मुलं सांभाळायची सोय खर्चात आधीच धरा, नाहीतर तरुण आया येणारच नाहीत.

भाषेचं काम सगळ्यात जास्त फसतं. बॅफिन आणि नुनाविकचे (उत्तर क्वेबेक) लोक इनुक्टिटुट ही आपली भाषा अक्षरचिन्हांत वाचतात, लाब्राडोरचे आणि पश्चिम आर्क्टिकचे रोमनमध्ये. शहरात वाढलेली बरीच मुलं फक्त इंग्रजी वाचतात. मजकूर तीनही प्रकारे ठेवा आणि अनुवाद दुसऱ्या भाषकाकडून उलट इंग्रजीत करून तपासा. फॉन्टची भानगड मराठी माणसाला लगेच कळेल. जुन्या नुनाकॉम किंवा प्रोसिल फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की आपल्या शिवाजी फॉन्टसारखा रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोड फॉन्ट मागा, पीडीएफमध्ये तो एम्बेड करा आणि छापण्याआधी कागदाचा नमुना वाचकाला दाखवा.

सुरुवात कुल्लिक पेटवून करायची असेल तर ते ज्येष्ठ बाईंचं काम. दगडी पसरट दिव्यात तेल, काठावर शेवाळ आणि आर्क्टिक कापसाची वात. बाई टाक्कुट नावाच्या काडीने ती वात हळूहळू दाबत, पसरवत एकसारखी ज्योत ओढत नेतात. याला वीसेक मिनिटं लागू शकतात, मध्ये भाषण घुसवू नका. इमारतीच्या व्यवस्थापकाला आठवडाभर आधी सांगून त्या खोलीतल्या धूरसूचकाची सोय करून घ्या, नाहीतर ऐन वेळी अग्निशमन दल येऊन उभं राहील.

जेवणात ‘आर्क्टिक चार’ (char) नावाचा मासा हवाच. ४० जणांना माणशी १५० ग्रॅम म्हणजे ६ किलो मांस. अख्खे मासे घेतले तर १० किलो धरा. डोकी फेकू नका, ज्येष्ठांना ती आवडतात. गोठलेला कच्चा मासा, म्हणजे कुआक, द्यायचा असेल तर तो उणे २० अंशांवर किमान ७ दिवस राहिलेला हवा, म्हणजे कृमी मरतात. वाढण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढा; उलु या अर्धगोल सुरीने पातळ काप निघतील इतपतच सैल होऊ द्या. जमिनीवर स्वच्छ पुठ्ठा अंथरून सगळे भोवती बसून खातात. टेबलही ठेवा, गुडघे दुखणाऱ्यांसाठी. वॉलरसचं कच्चं मांस मात्र नको. आर्क्टिकमधला ट्रिकिनेला हा कृमी गोठवण्याने मरत नाही, पूर्ण शिजवावंच लागतं. आंबवलेलं मांसही नको, बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. शिकारीचं मांस सार्वजनिक जेवणात वाढण्याआधी स्थानिक आरोग्य विभागाला विचारा, नियम कडक आहेत.

चाचणी कोणती? त्वचेवरची चाचणी ४८ ते ७२ तासांनी वाचावी लागते, तोवर माणूस विमानाने परत गेलेला असतो. शिवाय बीसीजी लसीमुळे ती फसवू शकते. म्हणून रक्ताची चाचणी घ्या. क्वांटिफेरॉन या रक्तचाचणीच्या नळ्या रक्त घेतल्यापासून १६ तासांत इन्क्युबेटरमध्ये जायला हव्यात. शुक्रवारी संध्याकाळी रक्त घेतलं आणि प्रयोगशाळा बंद असली की सगळं वाया.

प्रश्न विचारताना मान खाली घालून संगणकावर टंकत बसू नका. इनुइट लोक ‘हो’ म्हणताना बरेचदा फक्त भुवया उंचावतात, ‘नाही’ म्हणताना नाक आक्रसतात. तुम्ही पडद्याकडे बघत असाल तर उत्तर मिळूनही ‘प्रतिसाद नाही’ असं लिहाल. ‘खोकला नाही ना?’ असं विचारलंत तर ‘हो’ म्हणजे ‘बरोबर, नाही’. आपल्याकडेही तसंच बोलतात, पण तिथले इंग्रजी बोलणारे सहकारी हमखास उलटं नोंदवतात. सरळ विचारा: ‘खोकला आहे?’ मग थांबा. शांतता भरून काढायची घाई नको. संपर्कातल्यांची नावं विचारण्याऐवजी जागा विचारा: गेल्या महिन्यात कुठे झोपलात, पत्ते कुठे खेळलात, लार्गा बॅफिन या बॅफिनहून आलेल्या रुग्णांच्या निवासात होतात का? चुगली केल्यासारखं वाटत नाही आणि माहितीही जास्त मिळते.

निकालासाठी दोन संपर्क घ्या, फोन नंबर वारंवार बदलतात. संदेशात आजाराचं नाव लिहू नका, ‘परिचारिकेला फोन करा’ एवढंच. क्रियाशील क्षयरोग नाही याची एक्स-रेने खात्री झाल्यावर सुप्त संसर्गासाठी आठवड्यातून एकदा अशा १२ मात्रांचा आयसोनियाझिड-रिफापेंटिनचा कोर्स, किंवा रोज ४ महिने रिफाम्पिन. उपचार चालू असताना कोणी उत्तरेला परतणार असेल तर विमानाच्या आधी तिथल्या आरोग्यकेंद्राला फोन करा, किती मात्रा झाल्या आणि किती उरल्या ते कागदावर लिहून त्या माणसाच्याच हातात द्या.