घरच्या बाळंतपणाबद्दलचे आकडे कसे तपासायचे

घरी बाळंतपण सुरक्षित असल्याचा अभ्यास कुणी पुढे केला, की आधी विचारा: हे घरचं बाळंतपण आधीपासून ठरवलेलं होतं की गाडी वेळेत आली नाही म्हणून झालेलं? दोन्ही एकत्र मोजले असतील तर तो आकडा आपल्या कामाचा नाही. दुसरं, मोजदाद बेत कुठला होता त्यावर हवी. घरी कळा सुरू झाल्या, अडलं म्हणून दवाखान्यात नेलं आणि बाळ दगावलं, तर ती नोंद घराच्याच खात्यात पडली पाहिजे. ती दवाखान्याच्या नावावर गेली तर घर उगाच सुरक्षित दिसतं.

2011 साली प्रसिद्ध झालेला इंग्लंडचा अभ्यास या कसोट्यांवर उतरतो. त्यात सुमारे 64,000 कमी जोखमीच्या बायका होत्या. पहिलटकरणींत बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू, असं दर हजारी दवाखान्यात 5.3 आणि घरी 9.3 एवढं आढळलं. म्हणजे हजारामागे चार जास्त. ‘जवळपास दुप्पट’ म्हटलं तर भीती वाटते, ‘एक टक्क्याहून कमी’ म्हटलं तर काहीच वाटत नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा. शिवाय हा मिश्र आकडा आहे. त्यात मृत्यूबरोबरच मेंदूची इजा, गर्भजलातली बाळाची विष्ठा फुफ्फुसात जाणं आणि खांद्याजवळचं हाड मोडणंही धरलं आहे. दुसऱ्या किंवा पुढच्या बाळंतपणात ठोस फरक दिसला नाही. आणि घरचा बेत केलेल्या पहिलटकरणींपैकी 45 टक्के जणींना कळांदरम्यान किंवा बाळ झाल्यावर लगेच दवाखान्यात हलवावं लागलं, सगळ्यात जास्त वेळा कळा पुढे सरकेनात म्हणून.

अमेरिकेतल्या ऑरेगनचा 2015 चा अभ्यास वेगळं सांगतो. दवाखान्याबाहेरचा बेत असताना बाळमृत्यू हजारी 3.9, दवाखान्यात 1.8, पण सिझरचं प्रमाण 5.3 टक्के विरुद्ध 24.7. इंग्लंडमध्ये घरी येणारी मिडवाइफ (बाळंतपण करणारी प्रशिक्षित बाई) बहुतेकदा सरकारी यंत्रणेचीच असते, ऑरेगनमध्ये घर आणि दवाखान्याचं हे जोडकाम सैल आहे. नेदरलँड्समध्ये ते घट्ट आहे, तिथल्या मोठ्या अभ्यासात फरक आढळला नाही. आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच: अभ्यासाने घर मोजलंय असं वाटतं, पण खरं तर त्या घरामागची यंत्रणा मोजलेली असते.

आता ती यंत्रणा आपल्याकडे, सातारा-सांगलीत, शोधा. घरी दोन प्रशिक्षित माणसं हवीत, एक आईसाठी, एक बाळासाठी. दहातल्या साधारण एका बाळाला श्वास घ्यायला मदत लागते, आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) पहिल्या मिनिटात हाताशी हवी. वार पडल्यावर गर्भाशय आकसलं नाही तर रक्तस्राव थांबत नाही, आणि तो कुणाला होईल हे बहुतेकदा आधी कळत नाही. म्हणून बाळ जन्मल्याबरोबर 10 युनिट ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं इंजेक्शन) मांडीत द्यावं लागतं, आणि ते 2 ते 8 अंशांत ठेवलेलं असावं लागतं. भारनियमनात फ्रीज बंद पडलेल्या घरात त्याचा भरवसा धरता येत नाही.

मग अंतर मोजा, किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत: 108 ला फोन केल्यापासून ऑपरेशन टेबलापर्यंत. तापोळ्याकडून किंवा चांदोलीच्या बाजूने आषाढातल्या रात्री किती, आणि वाळवा-कऱ्हाड भागात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकल्यावर किती?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जास्त जोखमीचा गट नेमका दुसऱ्या गावात, नवीन डॉक्टरकडे. माता बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीची फाइल बऱ्याचदा सासरीच राहते. ती सोबत घ्या. हिमोग्लोबिन खूप कमी, वाढलेला रक्तदाब, साखर, जुळं, पायाळू बाळ, आधीचं सिझर, 37 आठवड्यांआधीच्या कळा, यातलं काहीही असेल तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीतच. ते मुख्यतः कमी जोखमीच्या बायकांचे आहेत.

आमचं मत स्पष्ट आहे: अशी यंत्रणा उभी नाही तोवर सातारा-सांगलीत घरचा बेत करू नये, पहिलटकरणीने तर नाहीच. घर हवंसं वाटतं ते मोकळेपणासाठी, आणि तो दवाखान्यात मागता येतो. छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला विचारून ठेवा: कळांमध्ये चालता येईल का, आई किंवा बहीण आत थांबू शकेल का, सरसकट छेद देऊन टाके घालणं टाळाल का, बाळ लगेच छातीवर ठेवाल का. दोन ठिकाणी विचारा. उत्तरं बरीच वेगळी मिळतात.