फिशिंग मेल: बिलं भरणाऱ्यांनो, या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या काही छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर आणि मेल मी सांभाळतो. फिशिंग मेल, म्हणजे ओळखीच्या नावाने आलेल्या खोट्या मेलला कुणी तरी फसलं, असा दर महिन्याला कुठून तरी फोन येतो, आणि चूक बहुतेक वेळा तीच असते.

"लोगो बरोबर आहे, इंग्रजी शुद्ध आहे, म्हणजे मेल खरा." हा समज आता सोडा. हल्लीचे खोटे मेल खऱ्यापेक्षा नीटनेटके असतात.

मार्चअखेरची गोष्ट. एका युनिटमध्ये अकाउंट्स बघणाऱ्या ताईंना पितळी पट्ट्या पुरवणाऱ्याचा मेल आला. खाली तीन महिन्यांचा जुना पत्रव्यवहार, बिल नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर. फक्त एक ओळ नवी: ऑडिटमुळे आमचं खातं बंद आहे, या दुसऱ्या खात्यात भरा. ताईंनी खात्री करायला फोन केला, पण त्याच मेलच्या तळाशी दिलेल्या नंबरवर. समोरचा अगदी अदबीने "हो मॅडम" म्हणाला. चार लाखांवर रक्कम गेली. चौथ्या दिवशी खऱ्या पुरवठादाराने विचारलं, पेमेंट कधी करताय?

मी तो पत्ता स्क्रीनवर मोठा करून पाहिला. कंपनीच्या नावात जिथे एम हवा, तिथे आर आणि एन शेजारी शेजारी होते. लहान अक्षरांत ते एमच दिसतात. पुरवठादाराचा मेलबॉक्स आधीच कुणाच्या तरी हाती गेला होता, म्हणून जुना पत्रव्यवहार चोरांना जसाच्या तसा मिळाला.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी टेबलाच्या काचेखाली एक कागद ठेवायला लावतो. त्यावर पुरवठादारांचे नंबर, जुन्या छापील बिलांवरून हाताने उतरवलेले. खातं बदललं असं कुणी कळवलं, की त्या कागदावरचाच नंबर फिरवायचा. काही जण म्हणतात, आधी एक रुपया पाठवून बघू. रुपया चोरालाही पोचतो. जुन्या नंबरवरचा ओळखीचा आवाज "आला" म्हणेपर्यंत त्याला काही अर्थ नाही. नवीन मुलांना हे दोन मिनिटांचं काम जड वाटतं. सहाच्या आत सगळी पेमेंट उरकायची घाई असते आणि मला त्या घाईचाच राग येतो.

दुसरी चूक लिंक डावीकडून वाचण्याची. सुरुवातीला ओळखीचं नाव दिसलं की लोक पुढे बघतच नाहीत. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच अलीकडचा भाग पाहा. साइटचा मालक तिथे कळतो. आयकर खात्याची साइट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन इथे संपते. त्यापुढे डॉट लावून आणखी काही जोडलं असेल, तर ती दुसऱ्याची आहे. बँकांचं काम थोडं सोपं झालंय: रिझर्व्ह बँकेने त्यांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इनवर यायला सांगितलं होतं. पण तेही शेवटीच हवं, मध्ये नाही. मोबाइलवर लिंकवर बोट दाबून धरा, पूर्ण पत्ता दिसतो. मी स्वतः मेलमधून बँकेत कधीच जात नाही, पत्ता टाइप करतो.

साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चिन्ह म्हणजे साइट खरी, असं नाही. ते चोरालाही फुकट मिळतं.

बिल म्हणून आलेली एचटीएमएल फाइल (म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं वेबपान) उघडू नका. एक्सेलने मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये लपलेला छोटा प्रोग्राम, चालू करू का विचारलं तर नाही म्हणा.

पासवर्ड चुकून दिला गेला आणि तो बदलून गप्प बसलात, तर काम अर्धंच झालं. मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. चोर तिथे नियम लावून जातो आणि पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात. सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं लॉगिन, चालू करा.

लाजेने मेल डिलीट करू नका, तपासाला तो लागतो. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. ताईंचा फोन चौथ्या दिवशी गेला, तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते.